डोळा फसला की मेंदू? तळहाताने लावायचा छडा

पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्यावर ही गर्दी, आणि निम्मे लोक पाण्याकडे पाठ करून सेल्फी काढण्यात गुंग. पुढच्या खेपेला जाल तेव्हा पाच मिनिटं पाण्याकडे तोंड करून उभे राहा. बेळगावहून 60-65 किलोमीटरवर घटप्रभेचं गढूळ पाणी जवळजवळ 170 फूट खाली कोसळतं, आणि तिथे दगड चढताना दिसतात.

कठड्यापासून मागे, पाय घसरणार नाही अशी जागा धरा. धारेच्या मधोमध एखादा खडक डोकावत असेल तर त्यावर नजर रोखा. पाण्याबरोबर नजर खाली घसरू द्यायची नाही, बहुतेकांचं इथेच चुकतं. मिनिटभर थांबा आणि झटकन शेजारच्या कड्याकडे बघा. कडा वर सरकू लागतो. माझी भाची ओरडलीच, "मामा, डोंगर वर चाललाय की ओ!" नीट बघितलंत तर आणखी एक चमत्कारिक गोष्ट जाणवते: कड्यावरचं झुडूप वर सरकतंय, आणि तरीही आहे तिथेच आहे. काही सेकंदांत सगळं शांत.

1834 मध्ये रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यावर हेच पाहून लिहून ठेवलं. मेंदूत खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी वेगळ्या आणि वर जाणारी टिपणाऱ्या वेगळ्या. एरवी दोन्हींची तागडी सारखी असते. मिनिटभर खालच्या हालचालीचा मारा झाला की पहिल्या मंदावतात, तागडी दुसरीकडे झुकते आणि स्थिर कडा चढताना दिसतो.

पण या पेशी मेंदूतच आहेत, डोळ्यात नाहीत, हे कशावरून? त्यासाठी तळहात पुरे. डावा डोळा झाका (दाबू नका), फक्त उजव्याने धबधबा बघा. मग हात बदला: उजवा झाका आणि डाव्याने कड्याकडे बघा. डाव्या डोळ्याने पाणी पाहिलेलंच नाही, तरी कडा सरकतो, थोडा मंद इतकंच. म्हणजे ही गडबड दोन्ही डोळ्यांकडून आलेली माहिती एकत्र होते त्या ठिकाणची, मेंदूतली.

गोकाकला जाणं होत नसेल तर धबधब्याचा व्हिडिओ मोबाईलवर आडवा लावा, मधल्या एका ठिपक्यावर नजर ठेवा आणि मिनिटाने व्हिडिओ थांबवा. चालतं, पण मजा निम्मी.

आता घरी. लाल रंगाचा मोठा कागद उजेडात ठेवून त्याच्या मध्याकडे 30 सेकंद टक लावा आणि पांढऱ्या भिंतीकडे वळा. निळसर-हिरवा डाग तरंगेल. इथेही तळहात फिरवून बघा. एका डोळ्याने कागद पाहिलात आणि दुसऱ्याने भिंत, तर डाग जवळजवळ दिसतच नाही. हा थकवा त्या एका डोळ्याच्या पडद्यातला. मेंदू यात बराचसा निर्दोष.

तिसऱ्या प्रयोगाला एक टिकली लागते. कोऱ्या कागदावर डावीकडे पेनाने फुली काढा, तिच्या उजवीकडे 8 सेंटीमीटरवर टिकली चिकटवा. डावा डोळा झाकून उजव्याने फक्त फुलीकडे बघा आणि कागद हळूहळू मागेपुढे करा. साधारण 30 सेंटीमीटरच्या आसपास टिकली गायब! डोळ्यातून मज्जातंतू जिथे बाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हे भोक फ्रान्सच्या एदम मारियोत यांनी 1660च्या दशकात शोधलं. आता टिकलीतून आरपार जाईल अशी आडवी रेघ ओढून पुन्हा बघा. टिकली जाते, रेघ मात्र अखंड दिसते. भोक डोळ्याचं, रफू मेंदूचा. आणि आपण दिवसभर हे रफू नेसूनच हिंडतो.

शेवटचा खेळ खास आपल्या सीमाभागातला. रंगांची नावं चुकीच्या रंगात लिहा: 'लाल' हिरव्या स्केचपेनने, 'निळा' लाल पेनने, अशी दहा-बारा. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग मोठ्याने सांगायचा, आणि मोबाईलवर वेळ मोजायची. जीभ अडखळते, कारण वाचायचं नाही म्हटलं तरी मेंदू वाचून मोकळा होतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 मध्ये ही ओढाताण मोजली. मग दुसरी यादी कन्नड लिपीत करा, केंपु (लाल), हसिरु (हिरवा), नीलि (निळा), हळदि (पिवळा), आणि रंगही कन्नडमधूनच सांगा. बेळगावात पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर पुष्कळ भांडून झालंय. ज्याला दोन्ही लिप्या येतात त्याचा मेंदू मात्र न विचारता दोन्ही वाचतो.

आमच्या घरी कन्नड माध्यमात शिकणारा पुतण्या कन्नड यादीत जास्त अडखळला, मी मराठीत. आजीने सगळा जन्म कन्नडमधून बाजार केला, पण ती लिपी तिला वाचता येत नाही. तिने कन्नड यादीतले रंग भाजी मोजून घ्यावी तसे न थांबता सांगून टाकले आणि विचारलं, "यात अवघड काय होतं रे?"