चारी चाकांना एकच हवा? पिकअपवाल्यांनो, या चुका टाळा

बेळगावच्या मार्केटात भाजी भरून पहाटे गोव्याकडं निघताना पंक्चरवाल्याला एकच वाक्य ऐकायला मिळतं, "नेहमीची मार रे." नेहमीची म्हणजे किती, हे ना मारणाऱ्याला ठाऊक, ना मारून घेणाऱ्याला.

आकडा गाडीवरच असतो. ड्रायव्हरचं दार उघडा, बहुतेक गाड्यांत तिथंच स्टिकर दिसेल. नसला तर मॅन्युअल काढा. पुढची आणि मागची हवा वेगळी, आणि पुष्कळ पिकअपना मागच्या चाकांचे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडेही वेगळे. टायरच्या अंगावर छापलेला आकडा बघून भरू नका, ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे. स्टिकरवर हवेचा दाब 'बार'मध्ये लिहिला असेल तर साडेचौदानं गुणा, पीएसआय, म्हणजे हवा मोजायच्या गेजवरचा आकडा मिळेल.

सगळ्यात महागात पडतं ते गरम टायरची हवा सोडणं. मे महिन्यात जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलात की टायरला हात लावून बघा, चटका बसतो. गेजवर चार-सहा पीएसआय जास्त दिसतात. घाबरून तेवढी हवा सोडली, की रात्री टायर थंड होतो आणि सकाळी कमी हवेवर माल ओढायला लागतो. कमी हवेचा टायर फिरताना बाजूनं जास्त दुमडतो, दुमडून तापतो, आणि तापून फुटतो तोही लोड असतानाच. हवा बघायची ती गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. गेज स्वतःचा ठेवा; दुकानातल्या गेजचा काटा कधी आपटलाय, कुणास ठाऊक.

उलटी चूक मी स्वतः केलीय. रताळी उतरवून मुक्काम केला आणि सकाळी लोडच्याच हवेवर रिकामा परत निघालो. पावसात घाटाच्या वळणावर मागची बाजू अशी सरकली की क्लीनर दाराला धरून बसला. रिकाम्या गाडीचं मागचं कडक टायर उड्या मारतं, ओल्या रस्त्यावर पकड धरत नाही.

टायर मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी. एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ आहेत का ते बघा, हवेचा दोष नाही. एकच चाक वरचेवर बसत असेल तर व्हॉल्व्हवर थुंकी लावा. बुडबुडा आला की व्हॉल्व्हच्या आतली पिन बदलायची, काम संपलं.

आणि स्टेपनी. चिखलात माखून खाली लटकलेली असते, तिच्याकडं बघतो कोण? मी तिच्यात भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकाएवढी हवा ठेवतो. पुढं लावायची झाली तर काढता येते. घाटात भरायला पंप कुठनं आणणार?