वैद्यकीय कारण नसताना कळा आणायच्या असतील तर
पावसाळ्यात खाडीपलीकडच्या वाडीतून रत्नागिरी गाठणे कठीण, म्हणून काही कुटुंबे प्रसूतीचा दिवस ठरवू पाहतात. त्याआधी पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून दिवस पुन्हा मोजून घ्यावेत, कारण ३९ आठवडे भरण्यापूर्वी कळा आणल्यास बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. मुहूर्तासाठी तर ही घाई मुळीच करू नये. गर्भाशयाचे मुख कितपत मऊ झाले आहे हे डॉक्टरांना विचारावे, आणि ते कच्चे असल्यास आधी ते मऊ करणारे जेल किंवा फुग्याची नळी, मग कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचे सलाइन, असा एक-दोन दिवसांचा मुक्काम धरून चालावे. पूर्वी सिझेरियन झाले असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण गर्भाशयाचा जुना व्रण फाटण्याचा धोका असतो. रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त उपलब्ध असते का, याची खात्री करूनच रुग्णालय निवडावे.