चार वर्षांची ऑनर्स पदवी: अटी कशा पूर्ण कराल

तिसऱ्या वर्षाचा निकाल हाती आला की अनेक विद्यार्थी विभागात येऊन विचारतात, "ऑनर्सला जायचंय, काय करावं लागेल?" प्रश्न रास्त आहे, पण फार उशिरा विचारलेला. ऑनर्स मिळतं चौथ्या वर्षी, त्याच्या अटी मात्र पहिल्या सेमिस्टरपासून लागू असतात. म्हणून हा लेख मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिसऱ्या वर्षात असाल तर पायरी ३ आधी वाचा.

पायरी १: कोणतं ऑनर्स, ते ठरवा

बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा आणला, त्यात चौथ्या वर्षाला दोन वाटा फुटतात. एक साधी ऑनर्स, दुसरी ऑनर्स विथ रिसर्च. देशपातळीवरच्या आराखड्यात दोन्हींना किमान १६० क्रेडिट (विषयाच्या अभ्यासाचं वजन मोजण्याचं एकक) लागतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० लागतात, म्हणजे चौथ्या वर्षाचे ४०. महाराष्ट्राच्या रचनेत एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट येतात, त्यामुळे चार वर्षांची बेरीज १६० ते १७६ भरते.

या दोन वाटांत फरक आहे तो १२ क्रेडिटच्या संशोधन प्रकल्पाचा आणि ७५ टक्क्यांच्या अटीचा. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा जास्त असतील तरच रिसर्चचा पर्याय मिळतो. नसतील तर प्रकल्पाऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे विषय किंवा प्रशिक्षण घेऊन साधं ऑनर्स करता येतं.

इंजिनिअरिंगवाल्यांनी इथे गोंधळू नये. तिकडे 'ऑनर्स' म्हणजे नेहमीच्या बीटेकच्या वर घेतलेले साधारण १८ ते २० जादा क्रेडिट. नाव एकच, हिशेब निराळा. पुढचं सगळं बीए, बीकॉम, बीएस्सीपुरतं आहे.

पायरी २: हे वर्ष खरंच हवंय का?

तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एमए मिळून पाच वर्षं होतात. चार वर्षांचं ऑनर्स आणि एका वर्षाचं एमए मिळूनही पाचच. वेळ वाचेल म्हणून कोणी ऑनर्स सुचवत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. शिवाय आपल्या विषयात एक वर्षाचं एमए किंवा एमएस्सी जवळपास कुठे चालतं का, तेही आधी बघा.

खरा फायदा आहे पीएचडीचा. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार आठ सेमिस्टरची पदवी एकूण ७५ टक्क्यांनी पूर्ण केली तर पदव्युत्तर पदवीशिवाय पीएचडीच्या प्रवेशाला पात्र ठरता येतं. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधले ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल गटातल्या (ईडब्ल्यूएस) उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत देता येते. प्रवेश परीक्षा किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आणि मुलाखत चुकत नाही. ज्याला संशोधनाची खरी ओढ आहे किंवा परदेशी जायचंय, त्याने हे वर्ष जरूर घ्यावं. स्पर्धा परीक्षेची तयारी करायचीय आणि हातात काहीतरी हवं म्हणून चौथं वर्ष, हे कारण मला पटत नाही. प्रकल्प आणि तयारी एकमेकांचा वेळ खातात.

पायरी ३: ७५ टक्क्यांचं गणित आजच मांडा

सगळ्यात जास्त विद्यार्थी इथे अडकतात. चार सेमिस्टरची सरासरी ७१ आली आहे, प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट सारखे आहेत असं धरू. सहा सेमिस्टरला ७५ म्हणजे एकूण ४५० हवेत, हातात आहेत २८४. उरलेल्या दोन सेमिस्टरमध्ये सरासरी ८३ काढावी लागेल. जमण्यासारखं आहे, पण घाम निघेल. पाच सेमिस्टरची सरासरी ७३ असेल, तर शेवटच्या एका सेमिस्टरला ८५ हवेत. "दोनच टक्के कमी आहेत" असं म्हणत राहिलेल्यांना ही बेरीज सहाव्या सेमिस्टरला कळते.

मग गुण जातात कुठे? बहुतेकदा मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, नाही. महाराष्ट्राच्या रचनेत पहिल्या सेमिस्टरच्या २२ क्रेडिटपैकी मेजरचे असतात जेमतेम ४ ते ६. बाकी सगळे ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय), कौशल्य विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, एनएसएस किंवा क्रीडा अशा दोन-दोन क्रेडिटच्या तुकड्यांत विखुरलेले. विद्यार्थी त्यांना 'साइड विषय' म्हणतात आणि आदल्या रात्री वाचतात. असे तीन विषय ६० टक्क्यांवरच अडकले की त्यांचं वजन एका सहा क्रेडिटच्या मेजरइतकं होतं. या विषयांत अंतर्गत मूल्यमापनाचा वाटाही असतो. असाइनमेंट वेळेवर दिली, तोंडी परीक्षा चुकवली नाही, तर हे गुण सर्वांत स्वस्तात मिळतात.

ओपन इलेक्टिव्ह निवडताना मित्र कुठे जातोय हे बघू नका. आपल्याला झेपेल आणि पुढे मेजरला उपयोगी पडेल असा विषय घ्या. समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र मेजर असेल तर संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख चौथ्या वर्षी हात देते.

आणखी एक अडचण सीजीपीएची, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटच्या सरासरीची. ग्रेडच्या पद्धतीत गुणांच्या एका पट्ट्याला एकच ग्रेड पॉइंट मिळतो, आणि सीजीपीएचे टक्के करण्याचं सूत्र विद्यापीठागणिक बदलतं. कुठे सरळ दहाने गुणतात, कुठे वेगळं सूत्र असतं. आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक परीक्षा विभागातून मिळवा आणि त्यावरूनच टक्के काढा. मित्राच्या विद्यापीठाचं सूत्र वापरलंत तर दीड-दोन टक्क्यांचा घोळ सहज होतो.

पायरी ४: क्रेडिटची वही

एकूण क्रेडिट भरले तरी अट पूर्ण झालीच असं नाही. किमान निम्मे क्रेडिट मेजरचे लागतात, मायनर (दुय्यम विषय) आणि बाकी गटांचे आकडेही ठरलेले असतात. एका गटात जास्त झालेले क्रेडिट दुसऱ्या गटाची भर करत नाहीत. म्हणून वहीत गटवार रकाने आखा आणि दर निकालानंतर भरा. एटीकेटी (विषय राहूनही पुढच्या वर्गात प्रवेश) असेल तर तो विषय सुटेपर्यंत त्याचे क्रेडिट शून्य.

ही नोंद अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिट साठवण्याच्या सरकारी ऑनलाइन खात्यातही पडायला हवी. डिजिलॉकरमधून खातं निघतं आणि मार्कशीटवरचं नाव आधारशी जुळलं नाही की तिथेच गाडं अडतं. दुरुस्ती पहिल्या वर्षीच करून घ्या. स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचा कोर्स करणार असाल तर तो आपल्या विद्यापीठाने मान्य केलेल्या यादीत आहे का, हे नोंदणीआधी विचारा. नंतर प्रमाणपत्र दाखवून क्रेडिट मागणाऱ्यांना बरेचदा नकारच मिळतो.

पायरी ५: कॉलेज आणि गाइड

रिसर्चची वाट प्रत्येक कॉलेजात नसते. त्यासाठी विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले कायम प्राध्यापक लागतात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या भरवशावर चालणाऱ्या विभागात ही सोय होणं कठीण. पाचव्या सेमिस्टरलाच विभागप्रमुखांना (एचओडी) भेटून तीन गोष्टी विचारा: चौथं वर्ष सुरू होणार का, रिसर्चच्या जागा किती, आणि प्रवेश गुणवत्तेवर की मुलाखतीवर. उत्तर मोघम आलं तर विद्यापीठाच्या विभागात किंवा दुसऱ्या कॉलेजात जाण्याची चौकशी तेव्हाच सुरू करा.

गाइड निवडताना मोठ्या नावापेक्षा हाताशी असणारा माणूस बरा. ज्यांच्याकडे आधीच पीएचडीचे विद्यार्थी गर्दी करून आहेत, त्यांच्याकडे तुमच्या मसुद्याला वेळ कमी मिळेल. भेटायला जाताना "सर, विषय द्या" म्हणू नका. एक पान लिहून न्या: प्रश्न काय, माहिती कुठून मिळवणार, तुमच्याकडे काय साधन आहे.

पायरी ६: चौथं वर्ष

महाराष्ट्राच्या रचनेत रिसर्चवाल्यांना सातव्या सेमिस्टरला संशोधन पद्धतीचे ४ आणि प्रकल्पाचे ४ क्रेडिट असतात, आठव्याला प्रकल्पाचे ८. साध्या ऑनर्सला प्रकल्पाऐवजी मेजरचे विषय जास्त आणि ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग. हा भार दिसायला हलका वाटतो. पण सर्वेक्षणाची प्रश्नावली, परवानग्या, प्रयोगशाळेतली पाळी, यांत सातवं सेमिस्टर कधी संपतं कळत नाही. विषय इतका लहान ठेवा की डिसेंबरपर्यंत माहिती गोळा होईल. "महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या समस्या" हा प्रकल्प होत नाही. एका तालुक्यातल्या एका पिकाच्या विक्रीबद्दलचा एक प्रश्न होतो.

शोधनिबंध छापून यायलाच हवा अशी अट यूजीसीच्या आराखड्यात नाही, छापला तर चांगलंच. तरीही तशी भीती घालून पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं विद्यार्थ्यांना गाठतात. त्यांच्या नादी लागू नका, असा निबंध पुढे मुलाखतीत अडचणीचाच ठरतो.

सबमिशनआधी प्लॅगरिझमचा (मजकूर कुठून उचललेला नाही ना, याचा) अहवाल काढायला किमान दोन आठवडे हाताशी ठेवा. आणि पदवीचा अर्ज भरण्यापूर्वी आठही सेमिस्टरचे क्रेडिट अकॅडमिक बँकेत दिसतायत का, पदवीच्या नावात 'ऑनर्स विथ रिसर्च' असं पूर्ण लिहिलंय का, हे परीक्षा विभागात समोर उभं राहून तपासा. प्रमाणपत्र छापल्यावर हीच दुरुस्ती करायला महिने जातात आणि तोवर पीएचडीच्या अर्जाची तारीख उलटून गेलेली असते.