कशाचं वय काढताय? गोदाकाठचा गाळ प्रयोगशाळेत पाठवण्याआधी या चुका टाळा

पावसाळा ओसरून नदीचे काठ उघडे पडले की दरवर्षी एखादा विद्यार्थी पिशवी घेऊन येतो. नाशिकजवळ गंगापूरच्या बाजूच्या दरडीतला गाळ, त्यात चार पांढरे शिंपले, दोन कोळशाचे तुकडे. "सर, याचं वय काढायचंय." मी विचारतो, कशाचं? शिंपल्यातला जीव मेला त्याचं, गाळ इथे साचला त्याचं, की त्यात नंतर चुन्याचे खडे धरले त्याचं? प्रयोगशाळा हातात पडलेल्या वस्तूचं वय सांगते. ती त्या थरात कधी आणि कशी आली, हे तिला कळत नाही.

शिंपल्यांनी माझीही फजिती केली आहे. दारणेच्या काठी एका थरात गोगलगायीचे शिंपले अगदी अखंड मिळाले म्हणून खुशीत तेवढेच पाठवले. उत्तर आलं ते त्याच थरातल्या कोळशापेक्षा कितीतरी जुनं. कारण साधं होतं. पाण्यातली गोगलगाय शिंपल्यासाठी कार्बन घेते तो बराचसा पाण्यातूनच. आपल्या काळ्या-पिवळ्या गाळात चुन्याचे खडे भरलेले असतात आणि त्यातला कार्बन-१४ (काळाबरोबर घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, ज्यावरून वय काढतात) बराचसा क्षय होऊन गेलेला असतो. तो चुना पाण्यात विरघळून शिंपल्यात उतरतो, आणि कालपरवाची गोगलगायही कागदावर म्हातारी होते. नमुन्यात फक्त १ टक्का असा 'मेलेला' कार्बन मिसळला तरी वय सुमारे ८० वर्षांनी वाढतं. शिंपल्यांशिवाय दुसरं काही हाती नसेल, तर त्याच प्रवाहातली आजची जिवंत गोगलगाय तपासून घ्या आणि आजच्या हवेशी तिची तुलना करा. जो फरक निघेल, त्यावरून आपला शिंपला किती फसवतोय याचा अंदाज येतो.

उलट दिशेची चूक जास्त घातक. नमुना ४०,००० वर्षांचा असेल आणि त्यात १ टक्का आजचा कार्बन शिरला, तर वय साधारण ३३,००० येतं. हा आजचा कार्बन येतो कुठून? बारीक मुळ्या, बोटांना लावलेलं तेल, कापसाचा बोळा, पिशवीत टाकलेली कागदाची चिठ्ठी. म्हणून नमुना ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा आणि नाव बाहेरून लिहा.

कोळसा बरा, पण तोही डोळे मिटून नको. सागाच्या जुन्या खोडाचा गाभा जळला असेल, तर तो चूल पेटली त्याच्या शे-दीडशे वर्षं आधीचा असू शकतो. जळालेलं धान्य किंवा काटकी मिळाली तर ती आधी उचला. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी नाशिकची मातीची गढी खणली, तेव्हा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लिबी यांची कार्बन-१४ पद्धत जेमतेम वर्ष-दोन वर्षांची होती. आज ती सुविधा आपल्या हाताशी आहे, म्हणून आळस माफ होत नाही. अहवालातला 'आजपूर्वी' हा शब्दही नीट वाचा. त्यातला 'आज' म्हणजे १९५० साल. आणि अंशांकन (म्हणजे कार्बनच्या वयाचं कॅलेंडरच्या वर्षांत रूपांतर) न केलेला आकडा सनावळीला जोडू नका.

जुन्या पावसापाण्याचा माग ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून काढतात; त्याबाबत एक पाठ्यपुस्तकी घोटाळा सतत दिसतो. ध्रुवीय बर्फात ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) कमी म्हणजे थंडी जास्त, हा नियम उचलून नाशिकच्या पावसाला लावतात. मान्सूनच्या प्रदेशात बरेचदा पाऊस किती पडला याचा ठसा तापमानापेक्षा ठळक असतो. जोराच्या पावसात जड ऑक्सिजन तुलनेनं कमी सापडतो. त्यात धरणाच्या साठ्यातलं पाणी उन्हानं आटतं, हलके रेणू आधी उडतात, मागे उरलेलं पाणी जड होतं. म्हणजे एप्रिलमधल्या धरणाच्या पाण्यावरून पावसाचा अंदाज बांधला की फसलात. पाण्याच्या नमुन्याची बाटलीही काठोकाठ भरा, आत हवा राहिली की तिथेही तोच खेळ.

(पांडवलेण्यांत लवणस्तंभ, म्हणजे ठिबकत्या पाण्यातून वाढणारे चुन्याचे खांब, शोधू नका, असंही सांगावं लागतं. ती लेणी बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत. पावसाची नोंद ठेवणारे लवणस्तंभ चुनखडीच्या गुहांत वाढतात, उदाहरणार्थ मेघालयातल्या मॉम्लुह गुहेत.)

भेसळ किती महागात पडते ते पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरीला दिसलं. तिथे अश्मयुगीन हत्यारांसोबत ज्वालामुखीची राख सापडली. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीनं (पोटॅशियमपासून हळूहळू साठणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय काढतात ती) तिचं वय सुमारे १४ लाख वर्षं आलं, पुढे आर्गॉन-आर्गॉननं सुमारे ६ लाख ७० हजार, आणि काचेच्या कणांचं रसायन जुळवलं तर ती इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी मिळतीजुळती निघाली. नदीनं वाहून आणलेल्या राखेत आसपासच्या साडेसहा कोटी वर्षांच्या बेसॉल्टचे थोडे कण मिसळले, तरी जुना आर्गॉन सोबत येतो. वाद बरीच वर्षं चालला. म्हणून राखेचे कण सूक्ष्मदर्शकाखाली वेचल्याशिवाय पाठवू नका.

शेवटी प्रकाशउत्सर्जन पद्धत. कण गाडला गेल्यावर आसपासच्या किरणोत्सारानं त्यात संकेत साठतो, त्यावरून शेवटचं ऊन लागल्यापासूनचा काळ ती मोजते. ती आपल्याकडच्या गाळाला खरं तर सोयीची वाटते. तिथे अडचण नाशिकच्या खडकातच आहे. ही पद्धत मुख्यतः क्वार्ट्झच्या कणांवर चालते, आणि बेसॉल्ट झिजून क्वार्ट्झ जवळजवळ मिळत नाही. मग फेल्डस्पारकडे जावं लागतं आणि त्यातला साठलेला संकेत हळूहळू गळतो, म्हणून वय कमी येतं. ही गळती मोजून दुरुस्त केली का, हे प्रयोगशाळेला आधीच विचारा. नमुना घेताना लोखंडी पाइप दरडीत आडवा ठोका, काढताना काळं कापड धरा, दोन्ही तोंडं लगेच बंद करा. ऊन थोडा वेळ लागलं तरी कणांचं घड्याळ शून्याकडे सरकतं. तोंडाजवळचा दोन-तीन सेंटिमीटर गाळ मात्र फेकू नका. वयासाठी तो गेला, पण थरातला ओलावा आणि युरेनियम, थोरियम, पोटॅशियम मोजायला तोच वापरतात. तो वेगळ्या हवाबंद डबीत ठेवून वर थराचा क्रमांक टाका.