टेस्लाहून टायकानवर येताना आधी पायाची सवय बदलावी

टेस्ला मॉडेल एस या विजेवर चालणाऱ्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच गाडी झपाट्याने मंदावते. पोर्शे टायकान ही विजेवरचीच गाडी मात्र तशीच पुढे धावत राहते आणि सवय नसलेला चालक सिग्नलपाशी दचकतो.

१. पहिले काही दिवस मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवावी आणि बरेच आधी ब्रेक हलकेच दाबायला सुरुवात करावी.

२. स्टिअरिंगवरील बटणाने रिक्युपरेशन, म्हणजे गाडी मंदावताना ऊर्जा बॅटरीत परत घेण्याची सोय, चालू करावे. ते चालू असताना पाय उचलल्यावर गाडी थोडी मंदावते, पण टेस्लाइतकी नाही.

ब्रेक दाबला की ऊर्जा वाया जाते, ही भीती सोडावी, कारण पोर्शेच्या चाचण्यांनुसार टायकानमध्ये रोजच्या वापरातील सुमारे ९० टक्के ब्रेकिंग विजेच्या मोटरच करतात आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते.

दोन्ही गाड्या आलटूनपालटून चालवणाऱ्याने निघताच, वेग कमी असतानाच, एकदा ब्रेक दाबून पाहावा.