एक्स्चेंजमध्ये घेतलेले इअरबड्स बिघडले? सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी हे बघा

डावा बड गप झाला की लगेच गाडी काढून सोलापूरच्या नवी पेठेत पळू नका. आधी घरीच जाळी बघा, मळ बसला की आवाज बारीक होतो, बडचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशनं झाडा पण टाचणी अजिबात घालू नका, जाळी फाटली की फिजिकल डॅमेज म्हणून तुमच्याच गळ्यात मारतात. चार्जिंगच्या डबीतल्या पिनापण पुसा, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम नि धूळ तिथंच बसते, बड चार्जच होत नाही आणि आपण म्हणतो बॅटरी गेली. मग रिसेट करून दुसऱ्याच्या फोनला जोडा, तिथंही तेच रडगाणं असेल तर व्हिडिओ काढून ठेवा, कारण काउंटरवर गेलं की मेलं नेमकं चालतं!

आता बिल. एक्स्चेंजची खरी मेख इथंच आहे, जुना माल तर गेला, तो काय परत येत नाही, म्हणून बिलावर पूर्ण किंमत लिहून एक्स्चेंजचे पैसे वेगळे वजा दाखवलेत का ते नीट वाचा. समजा बड्स ५,००० चे, जुन्याचे १,५०० धरले आणि बिल नुसतं ३,५०० चं फाडलं, तर रिफंडची वेळ आली की दुकानदार ३,५०० वरच बोट ठेवणार की ओ. म्हणून एक्स्चेंजची पावती, मेसेज, यूपीआयचा स्क्रीनशॉट सगळं एका फोल्डरात टाका, सिरियल नंबरचा फोटोपण.

जाताना दोन्ही बड आणि डबी न्या. जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीला माल घेतल्याच्या पावतीवर, ‘चालत नाही’ एवढंच लिहू देऊ नका, ‘डावा बड फुल चार्जवर २० मिनिटांत बंद’ असं लिहून घ्या, तारीख शिक्क्यासकट. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली असेल तर त्या गर्दीत होम मैदानाकडून गाडी घालायच्या भानगडीत पडू नका.

टोलवाटोलवी झाली तर कंपनीला ईमेल टाका, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथंही नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते, विकणारा बेंगळुरूचा का असेना, ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही आणि वकील लावायलाच पाहिजे असंही नाही, फक्त २ वर्षांच्या आत करा.