दुखऱ्या गुडघ्यांचा कट्टा कसा जमवायचा

हे झिजलेल्या गुडघ्यांसाठी आहे. डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात आणि मग "गॅप कमी झालाय, वय झालं" म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारतात ते दुखणं. गॅप म्हणजे सांध्यातल्या दोन हाडांमधली जागा. सकाळी गुडघा आखडतो पण साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो, बसून उठताना कळ येते, जिना उतरताना जास्त दुखतं. सकाळचं आखडणं तास-तासभर जात नसेल, दोन्ही हातांची बोटं-मनगटं पण सुजत असतील तर तो संधिवाताचा दुसरा प्रकार असू शकतो, त्याची औषधं वेगळी, त्याला उशीर करू नका. आणि गुडघा एकाएकी लालबुंद, गरम होऊन सुजला आणि ताप पण आला तर हे वाचत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एक्स-रे काढायची वेळ आली तर उभं राहून काढा, झोपून काढलेल्यात गॅप नीट कळत नाही.

घरातलं पटकन उरकते. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं, मांडी घालून तासन् तास निवडत-टिपत बसणं बंद. भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते, आज आणा, लाज वाटून घेऊ नका. बसायची खुर्ची उंच असावी, सोफा तर गुडघ्याचा वैरीच. काठी दुखऱ्या बाजूच्या नाही, उलट्या हातात धरायची, आणि हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी जिथं येते तेवढी तिची उंची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एका हातानं कठडा धरून.

खाण्यापिण्याबद्दल एवढंच सांगते की वांगं, बटाटा, चिंच सोडून कुणाचा झिजलेला गुडघा बरा झालेला मी तरी पाहिला नाही. शेंगाचटणी-भाकरी खा, पण वजन बघा. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो. दिवसभराची पावलं मोजा म्हणजे दोन-तीन किलोची किंमत कळेल.

व्यायामाचं बघू. "चालतो की रोज, तोच व्यायाम" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. चालणं चांगलंच आहे, पण गुडघा सावरून धरतो मांडीचा पुढचा स्नायू आणि निव्वळ चालण्यानं तो पाहिजे तेवढा तयार होत नाही. पलंगावर पाय सरळ पसरून बसा, आपल्या सोलापुरी टॉवेलची जाड गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा, पाच अंक मोजेपर्यंत दाबून धरा, सोडा. दहा वेळा, दोन्ही पायांनी. दुसरं म्हणजे उंच खुर्चीतून उठायचं आणि हळूहळू बसायचं, आधी हातांचा आधार घेऊन, मग जमेल तसा आधार कमी करत. तिसरं, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या. कंबरेचा त्रास असेल किंवा ऑपरेशन झालेलं असेल तर फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या. बस, एवढंच, यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते टिकणं. सुरुवातीचे काही आठवडे व्यायामानं दुखणं थोडं वाढल्यासारखं वाटतं, फरक कळायला दीड-दोन महिने तरी लागतात, आणि नेमकं त्याच्या आधी माणूस सोडून देतो. घरातले पण म्हणतात, दुखतंय तर कशाला करतेस, पड जरा. ते मायेनं म्हणतात पण पडून राहिलं की स्नायू अजून ढिला पडतो, गुडघा अजून दुखतो, मग अजून पडून राहायचं, असं ते चक्र सुरू होतं. हे चक्र तोडायला डॉक्टर रोज तुमच्या घरी येणार नाही. त्यासाठी आपल्यासारखेच गुडघे दुखणारे, ठरवून एकत्र जमणारे चार लोक लागतात, त्यालाच मी कट्टा म्हणते. मला स्वतःला सगळ्यात जड गेलं ते हेच, असे लोक शोधणं आणि जमल्यावर त्यांना टिकवणं, म्हणून याच्यावर जरा सविस्तर लिहिते.

शोधायचं कुठं? लोक सांगत नाहीत. बायका "वयच झालं आता" म्हणून विषय संपवतात, पुरुष तर त्याहून लपवतात. त्यामुळं विचारत फिरायचं नाही, बघायचं. देवळाच्या पायरीवर कठडा कोण धरतंय, लग्नात पंगतीऐवजी खुर्ची कोण शोधतंय, सिटी बसच्या पायरीपाशी कोण थबकतंय, फिजिओथेरपीच्या बाकावर नंबरची वाट बघत कोण बसलंय. त्यांच्या शेजारी बसा आणि सरळ विचारा, "अक्का, कुठला गुडघा, डावा का उजवा?" "तुम्हाला संधिवात आहे का" असं विचारलं की माणूस नाही म्हणतो, डावा-उजवा विचारलं की सगळी कहाणी बाहेर येते. चार-पाच जण पुरे. दहाच्या वर गेलं की ती सभा होते, भाषणं सुरू होतात.

जागा आणि वेळ यावर कट्टा टिकतो की मोडतो ते ठरतं, आणि इथंच लोक चुकतात. जागेला तीन गोष्टी बघा: सपाट रस्ता, गुडघ्याच्या उंचीला येणारे बाक आणि जवळपास चालू संडास. बाक बुटका असेल तर बसलेल्याला उठवायला दोघं लागतात. आपल्या सोलापुरात सिद्धेश्वर तलावाची कड चांगली आहे, फक्त जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तिकडं गर्दीत पाय ठेवायचा नाही, तेव्हा हुतात्मा बाग नाहीतर आपल्या भागातली बाग धरा. विजापूर रोडकडच्या लोकांना कंबर तलाव आहे. उन्हाळ्यात मात्र सोलापूरचं ऊन माहितीय तुम्हाला, मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात, तेव्हा सकाळी सहालाच जमायचं आणि आठच्या आत घरी.

पण सगळ्यांना सकाळ जमत नाही, हे पेन्शनर लोकांना कळत नाही. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाया आहेत, मांडीवर सूप घेऊन दिवसभर खाली बसून हजार विड्या वळायच्या, त्या गुडघ्यांची काय अवस्था होत असेल विचार करा. त्यांना सकाळी बागेत बोलावून काय उपयोग, त्या कारखान्यात विड्या जमा करून आल्यावर मोकळ्या होतात. तर त्यांचा कट्टा दुपारी कुणाच्या तरी ओट्यावर. तिथं मराठी-तेलुगू असं मिसळून चालतं, त्यानं काही अडत नाही. त्यांना मी एक गोष्ट हट्टानं करायला लावते, बसायला पाट नाही तर बुटकं स्टूल घ्यायचं, पाय पुढं पसरायचे आणि दर अर्ध्या तासानं एकदा उठायचं. "अक्का, उठलं की विड्या कमी होतात" म्हणतात, बरोबर आहे त्यांचं, मजुरी नगावर आहे. म्हणून उठायला जमत नसेल तेव्हा निदान बसल्याबसल्या पाय सरळ करून ती टॉवेलवाली दाबणी करा, हात विडीवर, पाय टॉवेलवर. पॉवरलूमवर बारा-बारा तास उभे राहणाऱ्यांचं उलटं, त्यांना दाबणी नाही, आधी बसायला शिकवावं लागतं.

जमलं की बोलायचं काय? इथं कट्टे मरतात. पहिल्या आठवड्यात सगळे मन मोकळं करतात, छान वाटतं, रडून पण घेतात. दुसऱ्या आठवड्यात "तुमचं काहीच नाही, माझं बघा" सुरू होतं. तिसऱ्या आठवड्यात सुनांवर गाडी येते आणि चौथ्याला कुणी येत नाही. म्हणून नियम लागतात, आणि ते पहिल्याच दिवशी सांगायचे, नंतर सांगितले की लोकांना राग येतो.

दुखण्याचं रडगाणं पहिली दहा मिनिटं. मनापासून गा, कुणी अडवायचं नाही, "सहन करायला पाहिजे" असलं शहाणपण पण कुणी शिकवायचं नाही. रात्री कूस बदलताना येणारी कळ काय असते हे घरात समजावून दम लागतो आणि इथं अर्ध्या वाक्यात समोरच्याला कळतं, तेवढ्यासाठी तर जमायचं. दहा मिनिटं झाली की व्यायाम, सगळ्यांनी एकदम, एकानं मोठ्यानं अंक मोजायचे.

एक्स-रेची तुलना बंद. एक्स-रेत गुडघा पार झिजलेला दिसतो आणि माणूस आरामात फिरतो, दुसऱ्याचा बरा दिसतो आणि त्याला रात्रीची झोप नाही, असं खूपदा असतं. फोटोवरून कुणाचं दुखणं खरं आणि कुणाचं खोटं हे ठरवायचा अधिकार कट्ट्याला नाही.

गोळ्यांची देवाणघेवाण अजिबात नाही, यावर मी भांडते. "मला या गोळीनं लगेच उतार पडला, घ्या दोन" म्हणून पदरातून पाकीट निघतं. त्या दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात, किडनीला आणि पोटाला इजा करू शकतात, आणि समोरच्याला शुगर आहे का, अॅसिडिटी आहे का हे तुम्हाला माहीत नसतं. वरून लावायचं दुखण्याचं मलम आधी, गोळी डॉक्टरला विचारून. आणि त्या वाताच्या पुड्या! घेतल्या की दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो, म्हणून तर खपतात. असल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, मग चेहरा सुजतो, शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात. कुणी महिनोन् महिने घेत असेल तर त्याला धमकावून एकदम बंद पण करायला लावू नका, एकदम थांबवणं धोक्याचं असतं, पुडी घेऊन त्याला डॉक्टरकडं न्या.

आता व्यायामाचं दुखणं किती सोसायचं, हा प्रश्न रोज येतो. शून्य ते दहा धरा, शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे ओरडावंसं वाटणं. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत गेलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत नेहमीच्या जागी आलं पाहिजे. नाही आलं, किंवा गुडघा सुजला, तर व्यायाम सोडायचा नाही, निम्मा करायचा. कट्ट्याचा खरा उपयोग इथं आहे बघा. आल्याआल्या प्रत्येकानं कालचा आकडा सांगायचा. एकटी असताना पाचला माणूस घाबरून पलंग धरतो, कट्ट्यावर चौघीजणी सांगतात की आमचा पण मागच्या मंगळवारी पाच होता, निम्मं कर, उद्या ये. आणि जी गप्प राहून सातवर पण उठबस करत राहते तिला पण हाच आकडा थांबवतो. आमच्यातल्या काही जणी इतक्या जिद्दी आहेत की त्यांना व्यायाम करायला नाही, थांबायला सांगावं लागतं.

कुणी आलं नाही तर फोन करायचा, पण "का आली नाहीस" असा नाही. तो हजेरीचा फोन वाटतो आणि मग ती तोंड लपवते. "आज आकडा किती?" एवढंच विचारा. व्हॉट्सअॅप ग्रुप हवाच असेल तर फक्त वेळ कळवायला, त्यावर हळद-मेथी-लसूण आणि सात दिवसांत गुडघा नवा असले फॉरवर्ड टाकणाऱ्याला एकदा प्रेमानं सांगा आणि दुसऱ्यांदा काढून टाका.

सुजलेल्या दिवसाचं थोडक्यात. गुडघा गरम आणि फुगलेला असेल तर नॅपकिनमध्ये बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, नुसता आखडलेला असेल तर शेक. त्या दिवशी पण पलंगावरची दाबणी जमेल तेवढी करा. नी-कॅप लांबच्या कामाला, बाजाराला ठीक, रात्रंदिवस घालून ठेवायची वस्तू नाही.

शेवटी ऑपरेशन. बाकी सगळं नीट करून पण रात्रीची झोप जात असेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल तर डॉक्टरशी बोला, घाबरून वर्षानुवर्षं ढकलू नका. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारनं २०१७ साली कमाल मर्यादा घातलीय, पण दवाखान्याचं एकूण बिल वेगळं असतं, म्हणून सांधा किती आणि बाकी किती असं वेगवेगळं लिहून मागा. बसवलेला सांधा साधारण पंधरा-वीस वर्षं चांगला चालतो, त्यामुळं पन्नाशीतल्या माणसानं आणि सत्तरीतल्या माणसानं एकच निर्णय घ्यायचं कारण नाही. कट्ट्यावर कुणी ऑपरेशन करा किंवा करू नका असा कौल द्यायचा नाही, ज्यांनी केलंय त्यांना बोलावून नुसतं ऐकायचं.

आणि कुणाचं झालं तर भेटायला जायची पण पद्धत आहे. नातेवाईक येतात, पेढे ठेवतात आणि "आता महिनाभर अजिबात उठू नकोस" सांगून जातात, तो सल्ला ऐकला तर नवा गुडघा पण आखडतो. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत वॉकर घेऊन उभं करतात ते उगीच नाही. तुम्ही जाल तेव्हा फिजिओनं किती चालायला सांगितलंय ते आधी विचारा, तेवढं तुमच्या समोर चालायला लावा, गुडघा वाकवायचा व्यायाम चालू असेल तर अंक तुम्ही मोजा, आणि चहा तिला करायला लावू नका.